एक चौकट झाका आणि शेजाऱ्यांना विचारा: आवर्तसारणीवरून मूलद्रव्याचे गुणधर्म कसे काढायचे

पुस्तकातली आवर्तसारणी उघडा आणि ३८ क्रमांकाच्या चौकटीवर एक नाणं ठेवा. नाण्याखाली स्ट्रॉन्शियम आहे. त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असं धरून चला. वरच्या चौकटीत कॅल्शियम आहे, खालच्या चौकटीत बेरियम. दोघांचे आकडे घ्या, बेरीज करा, दोनने भागा.

कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०.०८, बेरियमचं १३७.३३, सरासरी ८८.७. नाणं उचलून बघा: ८७.६२. घनता १.५५ आणि ३.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, सरासरी २.५३, प्रत्यक्षात २.६४. द्रवणांक ८४२ आणि ७२७ अंश सेल्सिअस, सरासरी ७८४.५, प्रत्यक्षात ७७७. पहिली आयनन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ५९० आणि ५०३ किलोज्यूल प्रति मोल, सरासरी ५४६.५, प्रत्यक्षात ५४९.५. विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) १.०० आणि ०.८९, सरासरी ०.९४५, प्रत्यक्षात ०.९५.

पाच गुणधर्म निघाले आणि एकातही चूक पाच टक्क्यांवर गेली नाही. हीच तीन नावं जर्मन रसायनतज्ज्ञ डोबरायनरने १८२९ मध्ये एका त्रिकात बसवली होती. त्या वेळी आवर्तसारणी नव्हती, इलेक्ट्रॉन तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

दरवेळी उत्तर इतकं जवळ येत नाही. कुठला गुणधर्म शेजाऱ्यांच्या सरासरीवरून काढायचा, कुठला नुसता बाणाच्या (तो पुढे काढू) दिशेवरून सांगायचा आणि कुठे सारणीला विचारूच नये, हे ज्याला कळलं त्याला सारणी वाचता आली. पाठांतर त्यानंतर आपोआप होतं.

आधी सारणी बरी निवडा

उभे १८ गण आणि आडवी ७ आवर्तं असलेली, गणांवर १ ते १८ असे साधे आकडे छापलेली सारणी घ्या. जुन्या तक्त्यांवर रोमन आकडे आणि त्यापुढे 'ए' किंवा 'बी' असतं. त्यात दोन पद्धती होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या, त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्याची हमखास फसगत होते. १ ते १८ हे आकडे १९८८ पासून सर्वमान्य आहेत. तक्त्यात ११३, ११५, ११७ आणि ११८ या चौकटींत नावं नसतील तर तो २०१६ च्या आधीचा आहे. रोजच्या कामात त्याने काही बिघडत नाही. गण ३ च्या खालच्या दोन चौकटींत काही तक्ते लॅन्थॅनम आणि ॲक्टिनियम दाखवतात, काही ल्युटेशियम आणि लॉरेन्सियम. ही छपाईची चूक नाही, दोन्ही मांडण्या चालतात.

चौकटीतला पूर्णांक म्हणजे अणुअंक, म्हणजेच केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. दशांश चिन्ह असलेला आकडा म्हणजे अणुवस्तुमान. तो कंसात छापलेला असेल तर मूलद्रव्य किरणोत्सारी आहे आणि आकडा त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा आहे. क्रम नेहमी अणुअंकाचा असतो. आर्गॉन (३९.९५) वजनाने पोटॅशियमपेक्षा (३९.१०) जड असूनही आधी येतो. टेल्युरियम (१२७.६०) आणि आयोडीन (१२६.९०) यांचंही तसंच. वजनाने लावायला गेलात तर आर्गॉन अल्क धातूंत (गण १) जाऊन बसेल. हा गोंधळ १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकतज्ज्ञ मोझलीने क्ष-किरणांच्या मोजमापाने कायमचा मिटवला.

अणुत्रिज्येच्या आकड्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. धातूंची त्रिज्या धातूच्या स्फटिकात मोजतात, अधातूंची सहसंयुज बंधात, आणि राजवायू (गण १८) सहसा बंध करत नसल्याने त्यांची न जोडलेल्या अणूंमधल्या अंतरावरून. ही तिसरी त्रिज्या मुळातच मोठी येते. त्यामुळे काही तक्त्यांत निऑन फ्लोरीनपेक्षा मोठा दिसतो आणि 'आवर्तात आकार कमी होत जातो हा नियम मोडला' असं विद्यार्थी लिहून येतात. नियम मोडलेला नसतो, मोजपट्टी बदललेली असते.

पहिला प्रश्न: गण कुठला?

गणावरून बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन कळतात. गण १ आणि २ मध्ये गणाचा आकडा हीच संख्या. गण १३ ते १८ मध्ये आकड्यातून १० वजा करा: गण १३ ला ३, गण १६ ला ६, गण १८ ला ८. हेलियम तेवढा अपवाद, त्याच्याकडे दोनच आहेत. पण त्याचं कवच दोनमध्येच भरतं, म्हणून त्याची जागा राजवायूंत.

त्यावरून संयुजा, म्हणजे अणू किती बंध करतो तो आकडा, काढा. बाहेर चारपर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर तीच संयुजा. जास्त असतील तर आठातून वजा करा. मग दोघांच्या संयुजांची अदलाबदल केली की सूत्र तयार. गॅलियम गण १३ मध्ये, संयुजा ३. ऑक्सिजन गण १६ मध्ये, संयुजा २. म्हणजे गॅलियम ऑक्साईडमध्ये गॅलियमचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३. ॲल्युमिनियम ऑक्साईडचं सूत्र असंच आहे, आणि ते पाठ असेल तर खालच्या गॅलियमचं फुकटात मिळतं.

ही वजाबाकी हायड्रोजन आणि धातूंशी होणाऱ्या संयुगांना चालते. ऑक्सिजन आणि फ्लोरीन यांच्यासमोर तिसऱ्या आवर्तापासून खालचे अधातू आपले सगळे बाह्य इलेक्ट्रॉन कामाला लावू शकतात. म्हणून गंधकाची हायड्रोजनशी संयुजा २, पण गंधक ट्रायऑक्साईडमध्ये ६. दोन्ही आकडे त्याच गणातून निघतात: एक ८ वजा ६, दुसरा सरळ ६.

गण ३ ते १२ मध्ये ही रीत तशीच्या तशी लावू नका. तिथे आतलं कवच भरत असतं आणि एकाच मूलद्रव्याच्या दोन-चार संयुजा असतात, लोहाच्या २ आणि ३ तर सगळ्यांना माहीत असतात. तरीही गणाचा आकडा अगदीच वाया जात नाही. चौथ्या आवर्तात स्कँडियमपासून मँगनीजपर्यंत सर्वांत मोठी ऑक्सिडीकरण अवस्था (बंधात अणूने किती इलेक्ट्रॉन दिले त्याचा हिशोब) गणाच्या आकड्याइतकी असते: स्कँडियम ३, टायटॅनियम ४, व्हॅनेडियम ५, क्रोमियम ६, मँगनीज ७. पोटॅशियम परमँगनेटमधला मँगनीज या ७ वरच असतो आणि म्हणूनच तो समोरच्याचे इलेक्ट्रॉन इतक्या जोराने खेचतो. लोहापासून पुढे हा हिशोब सोडून द्या.

दुसरा प्रश्न: आवर्त कुठलं?

आवर्ताचा आकडा म्हणजे कवचांची संख्या. गणात खाली उतरताना दर पायरीला एक कवच वाढतं आणि अणू मोठा होतो. लिथियम १५२ पिकोमीटर, सोडियम १८६, पोटॅशियम २३१, रुबिडियम २४४, सिझियम २६२.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच राहतं, पण केंद्रकात दर चौकटीला एक प्रोटॉन वाढतो. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकू शकत नाहीत. त्यामुळे ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. इलेक्ट्रॉन वाढले की अणू फुगायला हवा, असं मनाला वाटतं. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक चुका इथेच होतात. इलेक्ट्रॉन मोजण्याआधी ते कुठल्या कवचात जातात ते बघा.

आता सारणीवर पेन्सिलीने एकच तिरका बाण काढा, डाव्या तळातून उजव्या माथ्याकडे, सिझियमपासून फ्लोरीनपर्यंत. या बाणाच्या दिशेने अणू लहान होतो, इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते, विद्युतऋणता वाढते, धातूपणा कमी होतो. चार वेगळे नियम पाठ करण्याऐवजी हा बाण लक्षात ठेवा, कारण चारही गोष्टींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची पकड किती. सिझियमची विद्युतऋणता ०.७९, फ्लोरीनची ३.९८. बाकी बहुतेक सगळे या दोघांच्या मधे.

बाणावरच्या दोन खाचा मात्र ओळखून ठेवा. दुसऱ्या आवर्तातली आयनन ऊर्जा अशी चढते: लिथियम ५२०, बेरिलियम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. बोरॉनला आणि ऑक्सिजनला आकडा खाली येतो. कवचाचे एस, पी असे भाग म्हणजे उपकवचं असतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन पी-उपकवचात जातो, ते बेरिलियमच्या भरलेल्या एस-उपकवचापेक्षा वरच्या ऊर्जेचं असतं, म्हणून तो काढायला सोपा. नायट्रोजनच्या तीन पी-कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन सुटसुटीत बसलेला असतो. ऑक्सिजनला चौथा इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी जोडीला बसवावा लागतो, दोघांत अपकर्षण होतं आणि एक जण लवकर सुटतो. तिसऱ्या आवर्तात नेमक्या याच जागी खाचा पडतात: मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, फॉस्फरस १०१२, गंधक १०००.

या ऊर्जेचा आणखी एक छान उपयोग आहे. मूलद्रव्याचं नाव झाकून त्याच्या एकापाठोपाठच्या आयनन ऊर्जा दिल्या तरी गण सांगता येतो. ५७८, १८१७, २७४५ आणि मग एकदम ११५७७. तीन इलेक्ट्रॉन निघाले आणि चौथ्याला चौपट जोर लागला, म्हणजे तिथे आतलं भरलेलं कवच लागलं. बाहेर तीनच होते, गण १३. हे ॲल्युमिनियम.

ऑक्साईडचा स्वभाव, आणि पातेल्यातला दाखला

तिसरं आवर्त डावीकडून उजवीकडे चाला. सोडियमचं ऑक्साईड तीव्र आम्लारी, मॅग्नेशियमचं सौम्य आम्लारी, ॲल्युमिनियमचं उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी क्रिया करणारं), सिलिकॉनचं क्षीण आम्लधर्मी, फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन यांची ऑक्साईडं आम्लधर्मी. धातू-अधातूंमधली जिन्यासारखी रेघ जिथून जाते तिच्या आसपास उभयधर्मीपणा सापडतो. बेरिलियम, ॲल्युमिनियम, गॅलियम, कथील, शिसं हे सगळे त्याच पट्ट्यातले. गण १२ मधलं जस्त त्या रेघेपासून जरा लांब असूनही उभयधर्मी आहे, ते वेगळं लक्षात ठेवा.

उभयधर्मी म्हणजे काय हे ॲल्युमिनियमचं पातेलं दाखवतं. त्याच्यावर ऑक्साईडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच धातूला वाचवतो. चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं सार त्यात रात्रभर ठेवलं तर आम्ल हा थर विरघळवतं. म्हणून आंबट पदार्थ त्यात ठेवू नये असं घरोघरी सांगतात. पण त्याच पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं तरी ते काळवंडतं आणि खरबरीत होतं, कारण हा थर आम्लारीतही विरघळतो. स्टीलच्या भांड्याला सोड्याने असं होत नाही, लोहाची आणि क्रोमियमची ऑक्साईडं सोड्याच्या पाण्याला दाद देत नाहीत. ॲल्युमिनियमला दोन्हीकडून धोका आहे, आणि तो त्याच्या चौकटीच्या जागेवरून आधीच सांगता येतो.

गणात खाली उतरताना आम्लारीपणा वाढतो. गण १५ मध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची ऑक्साईडं आम्लधर्मी, आर्सेनिक आणि अँटिमनी यांची उभयधर्मी, बिस्मथचं आम्लारी. एकाच गणात अधातू ते धातू असा सगळा प्रवास दिसतो.

बंध कुठला होईल?

दोन मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतांची वजाबाकी करा. फरक १.७ च्या वर गेला तर बंध आयनिक, खाली राहिला तर सहसंयुज, असा ठोकताळा शिकवतात. सोडियम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६, फरक २.२३: मीठ आयनिक, द्रवणांक ८०१ अंश. ॲल्युमिनियम १.६१, क्लोरीनशी फरक १.५५: ॲल्युमिनियम क्लोराईड १८० अंशांच्या आसपास वितळण्याऐवजी सरळ वाफ होऊन उडतं.

पण १.७ ही काही लक्ष्मणरेषा नाही. हायड्रोजन आणि फ्लोरीन यांच्यातला फरक १.७८ आहे, तरी हायड्रोजन फ्लोराईड रेणूंचंच बनलेलं असतं आणि १९.५ अंशांना उकळतं. म्हणून नुसत्या फरकावर न थांबता दोघांच्या जागाही बघा. एक डाव्या टोकाचा धातू आणि एक उजव्या टोकाचा अधातू असेल तर आयनिक. दोघंही अधातू असतील तर फरक कितीही असो, सहसंयुज. हायड्रोजन छापला जातो गण १ मध्ये, पण तो अल्क धातू नाही. त्याची विद्युतऋणता २.२०, जवळपास फॉस्फरसइतकी. हिशोब करताना त्याला मनातल्या मनात कार्बनच्या जवळ बसवा, उत्तरं बरोबर येतील.

सरासरी कुठे फसते

सुरुवातीच्या स्ट्रॉन्शियमकडे परत या आणि सल्फेटची विद्राव्यता काढून बघा. १०० मिलिलिटर पाण्यात कॅल्शियम सल्फेट सुमारे ०.२ ग्रॅम विरघळतं, बेरियम सल्फेट सुमारे ०.०००२४ ग्रॅम. साधी सरासरी ०.१. प्रत्यक्षात स्ट्रॉन्शियम सल्फेट सुमारे ०.०१३ ग्रॅम, म्हणजे उत्तर सात-आठपट चुकलं. ज्या गुणधर्माचे आकडे शेकडो पटींनी बदलतात तिथे बेरीज करून भागायचं नसतं. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर ०.००७ येतं. तेही निम्मंच आहे, पण आता दशांश स्थळ बरोबर जागी आलं, आणि इतक्या मोठ्या पल्ल्यात तेवढं पुरतं.

दुसरी फसगत जास्त खोल आहे. नाणं ३१ क्रमांकावर ठेवा. वर ॲल्युमिनियम, द्रवणांक ६६० अंश. खाली इंडियम, १५७ अंश. सरासरी ४०८. नाणं उचला: गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, तळहातावर ठेवलं तर पाणी होतं. आयनन ऊर्जा मात्र ५७८ आणि ५५८ वरून ५६८ येते आणि खरी ५७९ आहे. एकच मूलद्रव्य, तेच शेजारी, एक उत्तर नेमकं आणि दुसरं पार चुकलेलं. आयनन ऊर्जा ही एकट्या अणूची गोष्ट आहे. द्रवणांक ही करोडो अणू घन अवस्थेत कसे रचले आहेत त्याची गोष्ट आहे, आणि गॅलियमचे अणू इतर धातूंसारखे एकसारखे न रचता जोड्याजोड्यांनी बसतात. तेव्हा हा भेद पक्का ठेवा. सूत्र, संयुजा, आयनन ऊर्जा, विद्युतऋणता, आकार हे अणूचे गुणधर्म, त्यावर सारणीचा शब्द विश्वासाने घ्या. द्रवणांक, कठीणपणा, रंग हे रचनेचे गुणधर्म, ते आधी दोन्ही शेजाऱ्यांची रचना सारखी आहे का हे तपासून मगच काढा. स्ट्रॉन्शियमचा द्रवणांक जुळला कारण कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे स्फटिक एकाच रचनेचे आहेत आणि बेरियमचा त्यांच्याहून फार वेगळा वागत नाही.

तिसरी फसगत गणाच्या माथ्यावर होते. हायड्रोजनशी गण १६ च्या संयुगांचे उत्कलनांक बघा: टेल्युरियमचं उणे २, सेलेनियमचं उणे ४१, गंधकाचं उणे ६०. याच ओळीत वर सरकलात तर ऑक्सिजनचं संयुग उणे ७०-८० च्या आसपास उकळायला हवं. ते संयुग म्हणजे पाणी आणि ते १०० अंशांना उकळतं, कारण त्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध. म्हणून दुसऱ्या आवर्तातल्या मूलद्रव्यावर, म्हणजे लिथियम ते फ्लोरीन यांच्यावर, खालच्या शेजाऱ्यांवरून अंदाज बांधताना हात आखडता घ्या. त्यांचे अणू अतिशय लहान असतात, दुहेरी-तिहेरी बंध त्यांना सहज जमतात, चारपेक्षा जास्त बंध त्यांना परवडत नाहीत. कार्बन डायऑक्साईड वायू आहे आणि त्याच सूत्राचं सिलिकॉन डायऑक्साईड म्हणजे वाळू. नायट्रोजन हवेत मोकळा फिरतो, फॉस्फरस घन. या मूलद्रव्यांना बऱ्याचदा खालच्यापेक्षा तिरकस शेजारी जवळचा असतो: लिथियमला मॅग्नेशियम, बेरिलियमला ॲल्युमिनियम, बोरॉनला सिलिकॉन. अल्क धातूंपैकी एकटं लिथियम हवेतल्या नायट्रोजनशी सरळ संयोग पावतं, आणि मॅग्नेशियमही तेच करतं.

गण १८ च्या तळाशी मात्र बाणाने एक मोठा शोध लावून दिला. राजवायू संयुगं करतच नाहीत असं पक्कं धरलेलं होतं. १९६२ मध्ये रसायनतज्ज्ञ नील बार्टलेट यांच्या हाती प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड होतं, आणि ते ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेत होतं. त्या रेणूची आयनन ऊर्जा ११७५. मग गण १८ मध्ये वरून खाली बघा: हेलियम २३७२, निऑन २०८१, आर्गॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०. झेनॉनचा आकडा ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा किंचित कमीच! बार्टलेट यांनी दोन्ही एकत्र केले आणि झेनॉनचं पहिलं संयुग मिळालं. हे आकडे आधीही सगळ्यांसमोर छापलेले होते.

वर-खालचे शेजारी एकमेकांच्या जागी घुसतात

गण सारखा म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, आणि सजीवांच्या पेशींनाही त्यांतला फरक नेहमी कळतो असं नाही. स्ट्रॉन्शियम-९० हाडांत साठतं कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. सिझियम-१३७ स्नायूंत जातं, पोटॅशियमच्या वाटेने. आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली आहे आणि आर्सेनेट पेशीत फॉस्फेटच्या जागी बसून ऊर्जेचं काम बिघडवतं. कॅडमियम जस्ताच्या खाली आहे म्हणून ते जस्ताच्या खनिजातच सापडतं. कुठल्याही विषारी मूलद्रव्याचं नाव कानावर आलं की आधी त्याच्या वरच्या चौकटीत कोण आहे ते बघावं. अर्धा उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो.

या शेजाराचं टोकाचं उदाहरण झिर्कोनियम आणि हाफ्नियम. एक पाचव्या आवर्तात, दुसरं सहाव्या. नियमाने हाफ्नियम चांगलंच मोठं हवं. पण या दोघांच्या मधे चौदा लॅन्थॅनाइड मूलद्रव्यं (सारणीखाली वेगळ्या छापलेल्या दोन ओळींतली वरची) येऊन गेलेली असतात. त्यांचे एफ-इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत आणि अणू आतल्या आत आक्रसत जातो. परिणामी झिर्कोनियमची त्रिज्या १६० पिकोमीटर आणि हाफ्नियमची १५९. आकार सारखा, संयुजा सारखी, रसायन जवळजवळ एकच. झिर्कोनियमच्या खनिजात साधारण एक ते तीन टक्के हाफ्नियम असतंच, तरी १९२३ पर्यंत ते कुणाला सापडलं नव्हतं. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते झिर्कोनियमच्याच खनिजात शोधलं, कारण इलेक्ट्रॉन रचनेवरून नील्स बोर यांनी ७२ व्या चौकटीत झिर्कोनियमचा भाऊबंद असेल असं सांगितलं होतं.

सारणी जे सांगत नाही तेही याच जोडीत दिसतं. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळजवळ शोषतच नाही, हाफ्नियम त्याच्या सुमारे सहाशेपट शोषतं. तारापूरच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, आणि त्यासाठी त्यातलं हाफ्नियम कणाकणाने वेगळं काढावं लागतं. न्यूट्रॉन शोषणं हा केंद्रकाचा गुण आहे आणि सारणीची मांडणी इलेक्ट्रॉनची. केंद्रकाबद्दलचा प्रश्न सारणीला विचारू नका.

पाण्यातल्या क्रियाशीलतेबद्दल विचारतानाही सावध राहा. आयनन ऊर्जा सिझियमची सर्वांत कमी, पण पाण्यात इलेक्ट्रॉन देण्याचं मोजमाप घेतलं तर लिथियम पहिलं येतं, उणे ३.०४ व्होल्ट. त्याचा चिमुकला आयन पाण्याच्या रेणूंशी इतका घट्ट बांधला जातो की ती ऊर्जा सगळा हिशोब फिरवते. तरी पाण्यात टाकल्यावर लिथियम शांतपणे बुडबुडे सोडतं आणि पोटॅशियम पेट घेतं. किती ऊर्जा सुटणार आणि ती किती वेगाने सुटणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सरावाला घ्या

सुरुवात ३४ क्रमांकाच्या सेलेनियमपासून करा आणि या वेळी चारही बाजूंचे शेजारी घ्या, आवर्तसारणी मांडणारा मेंडेलीव्ह घेत असे तसे. वर गंधक ३२.०६, खाली टेल्युरियम १२७.६०, डावीकडे आर्सेनिक ७४.९२, उजवीकडे ब्रोमीन ७९.९०. बेरीज ३१४.४८, भागिले ४, उत्तर ७८.६२, खरं ७८.९७. याच रीतीने त्याने १८७१ मध्ये सिलिकॉनखालच्या रिकाम्या चौकटीत अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ लिहून ठेवली. १८८६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ विंकलरला जर्मेनियम सापडलं: ७२.६ आणि सुमारे ५.३५.

मग ३७ वर नाणं ठेवा. पोटॅशियम आणि सिझियम यांच्या आयनन ऊर्जा ४१९ आणि ३७६, द्रवणांक ६३.५ आणि २८.४. तुमचं उत्तर ३९७.५ आणि ४६ यायला हवं. रुबिडियमचे खरे आकडे ४०३ आणि ३९.३. त्यानंतर ३५ घ्या. क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतं, आयोडीन १८४ ला. सरासरी ७५, म्हणजे खोलीच्या तापमानाला द्रव. ब्रोमीन ५९ ला उकळतं आणि खरोखरच द्रव आहे.

दर वेळी नाणं उचलण्याआधी उत्तर वहीत लिहा आणि शेजारी कारणही लिहा: अणूचा गुणधर्म की रचनेचा, माथ्याची चौकट की मधली, लॅन्थॅनाइडच्या आधीची की नंतरची. चुकलेल्या उत्तरांवर लाल खूण करून ठेवा. शेवटी ८० क्रमांकावर नाणं ठेवा, वर कॅडमियमचे ३२१ अंश आणि त्याच्याही वर जस्ताचे ४१९ बघून पाऱ्याचा द्रवणांक लिहा, आणि मग नाणं उचला.